बेकारीतली अक्षरमोजणी

हाती आलेल्या सात अक्षरांतून इंग्रजी शब्द शोधायचा, हा स्क्रॅबलचा खेळ आपल्यापैकी अनेकांनी खेळलेला असतो. त्यात 'ई' वारंवार हाती लागतो आणि 'क्यू' क्वचितच. हे प्रमाण ठरवले एका बेकार माणसाने.

आल्फ्रेड बट्स हा न्यूयॉर्कचा वास्तुविशारद. १९२९ नंतरच्या महामंदीत बांधकामे थंडावली आणि त्याची नोकरी गेली. नशीब आणि बुद्धी दोन्हींना वाव देणारा खेळ रचावा, असे त्याच्या मनाने घेतले. मग वर्तमानपत्रांची पाने समोर घेऊन कोणते अक्षर किती वेळा येते, ते तो मोजत बसला. त्यातून १०० सोंगट्यांचा हिशेब ठरला : 'ई' १२, 'क्यू' आणि 'झेड' एकेकच. 'एस' मात्र त्याने मुद्दाम ४ ठेवले. नाहीतर नुसती अनेकवचने करून कुणीही गुण मिळवले असते!

खेळणी बनवणाऱ्या कंपन्यांनी त्याला परत पाठवले. १९४८ साली जेम्स ब्रुनो याने खेळ हाती घेऊन 'स्क्रॅबल' हे नाव दिले. आधी तोटा झाला, पण १९५२ पासून मागणी पुरवता येईना. बट्सची मोजणी इंग्रजी संचात आजही टिकून आहे.

मराठीत कुणी अशी मोजणी करायला बसला, तर पहिलाच प्रश्न अवघड आहे. 'की' हे अक्षर एक धरायचे की दोन? आणि 'स्त्री'चे काय करायचे?