आवाज म्हणजे कफ, शांतता म्हणजे छाती साफ?

स्टेथोस्कोपमधून चुरचुर ऐकू आली की ‘छातीत कफ साठलाय’, आणि काहीच ऐकू आले नाही की ‘छाती साफ आहे’. हा हिशेब घरोघरी मांडला जातो आणि केसपेपरवरही उतरतो. तो चुकीचा तर आहेच, पण प्रसंगी जिवावर बेततो.

पूर्वपक्ष मात्र दुबळा नाही. त्याच्या पाठीशी खुद्द स्टेथोस्कोपचा जनक, फ्रेंच डॉक्टर रने लाएनेक उभा आहे. १८१६ साली पॅरिसच्या नेकर रुग्णालयात त्याने कागदाच्या सुरळीतून छातीचे आवाज ऐकले आणि १८१९च्या ग्रंथात त्यांची वर्गवारी केली. ऐकलेले तो शवविच्छेदनाशी ताडून पाही, म्हणून त्याची निरीक्षणे आजही उपयोगी पडतात. हवा द्रवातून जाताना बुडबुडे फुटतात, हे त्याचे स्पष्टीकरणही त्यामुळेच जवळजवळ दीडशे वर्षे कोणी फारसे तपासले नाही.

१९६७ साली ‘लॅन्सेट’मधील लेखात पॉल फॉर्गॅक्स यांनी वेगळी उपपत्ती मांडली. फायब्रोसिसमध्ये फुप्फुस घट्ट होते, त्यात कफाचा पूर नसतो. तरी वेल्क्रोची पट्टी सोडवल्यासारखी चुरचुर तिथेच सर्वांत स्पष्ट येते. बुडबुडे कसेही, केव्हाही फुटतील. ही चुरचुर मात्र एकाच जागी, श्वासागणिक त्याच टप्प्यावर परतते. रोगी पुढे वाकला की फुप्फुसाच्या तळाशी ऐकू येणारी चुरचुर बऱ्याचदा कमी होते. उच्छ्वासात मिटलेल्या बारीक श्वासनलिका श्वास घेताना एकदम उघडतात, त्याचा हा आवाज.

मग हृदय थकलेल्या रोग्याच्या फुप्फुसात पाणी असते त्याचे काय? असते, पण त्या पाण्याने सुजलेल्या ऊतकांमुळेही बारीक नलिका मिटतात. मोठ्या नलिकांतला कफ खरोखर बुडबुडतो, हे मान्यच. मात्र तो आवाज खोकल्यानंतर बहुधा बदलतो. फायब्रोसिसचा बदलत नाही.

हा भेद पुस्तकी नाही. श्वासाच्या आरंभीची चुरचुर अरुंद झालेल्या नलिकांकडे, जुनाट ब्राँकायटिसकडे बोट दाखवते. अखेरची फायब्रोसिस, न्यूमोनिया किंवा हृदयाकडे. ‘क्रेप्स’ (चुरचुरीसाठी डॉक्टरांचा शब्द) एवढेच लिहून पुढे गेले, तर फायब्रोसिसचा रोगी अँटिबायोटिकवर, नाहीतर टीबीच्या औषधांवर महिनोन्‌महिने राहतो. आपल्याकडे असे घडते, आणि त्या काळात फुप्फुस आणखी घट्ट होत जाते.

शांत छातीचा समज तर याहून घातक. दम्याची शिट्टी अरुंद नलिकेच्या भिंती थरथरल्याने उमटते, आणि त्या थरथरायला हवा वाहावी लागते. झटका पराकोटीला गेला, हवाच पुरेशी आत-बाहेर होईना, की शिट्टी बंद पडते. ही ‘मूक छाती’ दम्यातील प्राणघातक लक्षणांत मोडते. उपचार लागू पडला की शिट्टी उलट वाढते. नातेवाईक घाबरतात, अनुभवी डॉक्टरला मात्र धीर येतो.

म्हणून डॉक्टरांना विनंती, की चुरचुर ऐकू आली तर ती श्वासाच्या कोणत्या टप्प्यावर येते आणि खोकल्यानंतर टिकते का, हेही केसपेपरवर लिहावे. घरच्यांसाठी एवढेच: दम्याच्या माणसाची शिट्टी थांबली, पण त्याला वाक्य पुरे करता येत नसेल, ओठ निळे पडत असतील किंवा त्याला गुंगी येत असेल, तर त्याला आराम पडला असे समजू नका, त्याच क्षणी रुग्णालयात न्या.