सह्याद्रीची जन्मतारीख, समुद्राच्या वहीत



आमच्या श्रूजबरीच्या घरात खिडकीत एक काळा दगड ठेवलाय. महाबळेश्वरला, अगदी माथ्यावर सापडलेला. परवा मुलगी शाळेत खडकांचा धडा शिकून आली आणि विचारलं, "बाबा, हा किती जुना?" मी ऐटीत म्हणालो, "साडेसहा कोटी वर्षांचा!" लगेच पुढचा प्रश्न, "कशावरून?" तिथे माझी बोलती बंद. उत्तर पाठ होतं, समजलेलं नव्हतं. आज त्याचीच गोष्ट.

सह्याद्री म्हणजे लाव्हाचे एकावर एक साचलेले थर. तप्त लाव्हात जीव टिकत नाहीत, म्हणून जीवाश्मांवरून त्याचं वय थेट काढता येत नाही. किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून काढता येतं, पण जुन्या मोजमापांत लाखो वर्षांची चूक राहायची. कोणता थर डायनोसॉर संपण्याआधीचा आणि कोणता नंतरचा, हे ठरेना.

आम्ही आयटीवाले एका सर्व्हरचं घड्याळ बिघडलं की दुसऱ्याच्या नोंदींवरून वेळ जुळवतो. सह्याद्रीसाठी अशी दुसरी नोंद सापडली ती आंध्र प्रदेशात, राजमहेंद्रीला. त्र्यंबकेश्वरला उगम पावलेली आपली गोदावरी तिथूनच पुढे समुद्राला मिळते. तिथल्या दगडखाणींतही काळा बेसाल्ट आहे आणि त्याची रासायनिक ठेवण महाबळेश्वर परिसरातल्या थरांशी जुळते. म्हणजे लाव्हा हजारेक किलोमीटर वाहत, बहुधा जुन्या नद्यांच्या खोऱ्यांतून, पूर्व किनाऱ्यापर्यंत पोचला होता. तिथे खालच्या आणि वरच्या लाव्हाच्या मधे समुद्राचा गाळ अडकला.

त्या गाळात फोरॅमिनिफेरा आहेत. हे समुद्रातले एकपेशीय जीव. त्यांचं चुन्याचं कवच वाळूच्या कणाएवढं, कधी त्याहूनही बारीक. मेले की कवचं तळाशी साचतात. त्यांच्या जाती भराभर बदलत गेल्या, त्यामुळे कोणती जात सापडली यावरून थराचा काळ कळतो. डायनोसॉर संपले तेव्हा तरंगणाऱ्या फोरॅमिनिफेरांच्याही बहुतेक जाती नष्ट झाल्या आणि लगेच नव्या, चिमुकल्या जाती आल्या. प्रिन्स्टनच्या गेर्टा केलर आणि त्यांच्या भारतीय व युरोपीय सहकाऱ्यांनी राजमहेंद्रीच्या गाळात याच नव्या जाती ओळखल्या. २००८ साली ते प्रसिद्ध झालं. म्हणजे त्या गाळावर पसरलेला लाव्हा डायनोसॉर गेल्यानंतरचा.

पुढच्याच वर्षी नागपूरच्या उत्तरेला, छिंदवाडा जिल्ह्यातल्या झिलमिली गावच्या गाळातही असेच जीव सापडल्याचं प्रसिद्ध झालं. आज तिथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर! तेव्हा समुद्राचा एक फाटा नर्मदा-तापीच्या बाजूने आत आला असावा, असं संशोधकांनी मांडलं. सगळ्यांना ते पटलेलं नाही, पण नकाशाकडे बघण्याची नजर बदलली.

२०१५ साली झिरकॉनच्या स्फटिकांवरून अचूक मोजमाप आलं. मुख्य उद्रेक त्या महाविनाशाच्या सुमारे अडीच लाख वर्षं आधी सुरू झाला आणि एकूण साडेसात लाख वर्षं चालला. महाविनाश ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा.

राजमहेंद्रीचा वरचा लाव्हा महाबळेश्वरच्या माथ्याकडच्या थरांशी जुळतो. म्हणून आता मुलीला नीट उत्तर देता आलं, "बाळा, हा दगड डायनोसॉरने पाहिलेला नाही. तो त्यांच्या नंतरचा."

ती थोडी हिरमुसली. मग म्हणाली, "पण कशावरून ते आता सांगता येतं ना?"

येतं. पुढच्या रविवारी भेटूया. नमस्कार.