फेकून दिलेला पुरावा

पेशी म्हातारी होते हे मान्य व्हायला विसावे शतक निम्म्याहून अधिक उलटावे लागले. पुरावा नव्हता असे मुळीच नाही. तो ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांत काचेच्या भांड्यांतून पडलेला असे आणि धुऊन टाकला जाई. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये अलेक्सिस कॅरेल यांनी १९१२ साली कोंबडीच्या गर्भाच्या हृदयाचा तुकडा पोषक द्रवात वाढवायला घेतला. त्यातल्या पेशी १९४६ पर्यंत, म्हणजे खुद्द कॅरेल वारल्यानंतरही, वाढत राहिल्याचे सांगितले गेले. त्यातून त्यांना १९१२ मध्येच नोबेल मिळालेले, मदतनिसांनाही काळे झगे घालायला लावणारा त्यांचा दरारा. साहजिकच पेशी मुळात अमर असते आणि वार्धक्य येते ते फक्त शरीराला, हे गृहीतच धरले गेले. दुसऱ्या कुणाच्या पेशी मेल्या तर खोट त्याच्या हातात, द्रवात किंवा स्वच्छतेत. सिद्धांताविरुद्धची प्रत्येक नोंद अशी नोंदवणाऱ्याच्याच नावावर खर्ची पडत होती.

फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमधले लिओनार्ड हेफ्लिक यांचे मोठेपण, माझ्या मते, पेशी मरताना पाहण्यात नाही. ते तर अनेकांनी पाहिले होते. ‘तुमचेच काहीतरी चुकले’ या आक्षेपाला त्यांनी प्रयोगातच जागा ठेवली. पुष्कळदा विभागून गेलेल्या पुरुषपेशी आणि कोवळ्या स्त्रीपेशी पॉल मूरहेड यांच्यासह त्यांनी एकाच भांड्यात वाढवल्या. गुणसूत्रांवरून दोन्ही ओळखता येत. काही काळाने भांड्यात फक्त स्त्रीपेशी उरल्या. द्रव तोच, हात तेच, मग दोष कुणाला देणार? साधारण पन्नास विभाजनांनंतर निरोगी मानवी पेशी थांबते, हा निष्कर्ष पहिल्या नियतकालिकाने परत पाठवला आणि १९६१ मध्ये तो दुसरीकडे छापून आला. कर्करोगातून आलेल्या हेला पेशी १९५१ पासून अखंड वाढत होत्याच. पण अमरत्व हेच विकृतीचे लक्षण ठरल्यावर तो आक्षेपही उलटला.

कॅरेल यांच्या प्रयोगशाळेत लबाडी झाली, एवढे म्हणून हा इतिहास मिटवता येईल का? गर्भाच्या अर्कातून नव्या पेशी आत जात असाव्यात, असा संशय आहे. जाणूनबुजून की नकळत, ते सिद्ध झालेले नाही. पण एका खोलीतल्या लबाडीने बाहेरच्यांची इतक्या वर्षांची चुप्पी उलगडत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: भांड्यातले वार्धक्य म्हणजे देहाचे वार्धक्य नव्हे. गुणसूत्रांची टोके, टेलोमिअर, झिजत जाऊन विभाजन थांबत असावे, असा तर्क जीवशास्त्रज्ञ ओलोवनिकोव्ह यांनी १९७१ मध्ये मांडला आणि पुढे तो खराही ठरला. तरी उंदराची टोके माणसापेक्षा लांब आणि आयुष्य दोन-तीन वर्षांचे! तेव्हा हेफ्लिक यांच्या मर्यादेला आयुष्याचे घड्याळ म्हणणे चूकच. मात्र थांबलेल्या पेशी देहात निरुपद्रवी पडून राहत नाहीत. २०११ मध्ये मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी अकाली वार्धक्य येणाऱ्या उंदरांतून त्या काढून टाकल्या, तेव्हा मोतीबिंदू लांबला, स्नायूंची झीज मंदावली. आयुर्मान मात्र फारसे वाढले नाही.