नाकाचा इतिहास

हळदीच्या हंगामात जिल्ह्यातील एका वखारीत आम्ही हमालांचे म्हणणे घेऊन गेलो होतो. धुळीने नाक चोंदते, वास येईनासा होतो, तेव्हा धूळ बाहेर काढणारा पंखा बसवा, एवढेच ते म्हणणे. मालक हसून म्हणाले, "पिढ्यान्‌पिढ्या पोती वाहून यांचे नाक जन्मतःच मेलेले असते." आम्ही महाविद्यालयाची पायरी चढलेलो नाही, पण बोलणे जिव्हारी लागले, आणि आम्ही वाचनालयात नाकाचाच इतिहास धुंडाळू लागलो.

हा इतिहास पेशींतील जनुकांत लिहिलेला आहे. वास टिपणाऱ्या जनुकांचे मोठे कुटुंब १९९१ साली अमेरिकेत लिंडा बक व रिचर्ड ॲक्सेल यांनी उजेडात आणले. त्यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हे कुटुंब वाढते ते चुकीने! एखाद्या जनुकाची जादा नक्कल होते. मूळ प्रत आपले काम करीत राहते. जादा प्रत बदलत बदलत नवा वास ओळखू लागते, नाही तर मोडते. मोडल्याने प्राण्याचे काही अडले नाही, तर ती मोडकी प्रत तशीच पुढील पिढ्यांत उतरते. आफ्रिकी हत्तीत चालू जनुके सुमारे २,०००, उंदरात १,००० हून अधिक, आणि माणसात अवघी ४०० च्या आसपास. डॉल्फिन पाण्यात गेला आणि जवळजवळ सगळीच गमावून बसला.

जनावरांना याखेरीज दुसरे नाकही असते. लाल कंधारी वळू गाईचे मूत हुंगून मान वर करतो, वरचा ओठ मुडपतो आणि क्षणभर समाधी लागल्यासारखा उभा राहतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. टाळूच्या पुढल्या बारीक छिद्रांतून तो तो संदेश आतल्या इंद्रियाकडे पोचवीत असतो. डेन्मार्कच्या याकोबसन यांनी १८१३ साली या इंद्रियाचे वर्णन केले. अशा संदेशद्रव्यांस फेरोमोन म्हणतात. ती टिपणारी एका घराण्याची जनुके उंदरात दोनशेच्या घरात आहेत. माणसात धड अशी बोटांवर मोजण्याइतकीच उरली. संदेश पुढे नेणारे मुख्य जनुक तर मोडूनच पडले आहे. ते मोडले सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी, आफ्रिका-आशियातील माकडे आणि माणूस यांच्या समाईक पूर्वजात. रंग नीट दिसू लागले म्हणून नाक मागे पडले, असे काहींचे मत आहे. ते वादातीत नाही.

अडीच कोटी वर्षांपूर्वी ना वखार होती, ना हमाल, ना मालक. ती तूट दोघांच्याही वाट्याला सारखीच आली. माणसामाणसांच्या नाकात फरक असतात, पण ते धंदा पाहून वाटलेले नाहीत. बापाच्या नाकातली धूळ मुलाच्या जन्मात उतरत नाही.

हे सारे आम्ही मालकांस जाऊन सांगितले. त्यांनी मुकाट्याने एक पोते उसवले, मूठभर हळकुंडे म्हाताऱ्या हमालापुढे धरली. तो म्हणाला, "मला आता काही कळत नाही, पोराला विचारा." पोराचा तो पहिलाच हंगाम. त्याने हुंगून सांगितले, "कुबट येतंय, तळाला ओल लागली." पोते रिकामे केले, तळाची हळद बुरसलेली निघाली.

पंख्याचे बोलणे अजून चालू आहे.