उच्च शिक्षणातील आरक्षण आणि विद्यार्थ्यांचा विरोध : २००६ च्या आंदोलनाची पूर्वपीठिका व परिणाम

नवी दिल्ली : उच्च शिक्षणातील जातिनिहाय आरक्षणाला होणाऱ्या विरोधाचा इतिहास भारतीय प्रजासत्ताकाइतकाच जुना आहे. त्यातील सर्वांत दूरगामी परिणाम घडविणारे पर्व २००६ च्या उन्हाळ्यात घडले. केंद्रीय शिक्षणसंस्थांमध्ये इतर मागासवर्गीयांसाठी (ओबीसी) २७ टक्के जागा राखून ठेवण्याच्या निर्णयाविरुद्ध वैद्यकीय, अभियांत्रिकी व व्यवस्थापन शाखांचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले. आरक्षण थांबविण्यात त्यांना यश आले नाही. मात्र केंद्रीय संस्थेत ओबीसी प्रवर्गातून प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याला आज जो नॉन-क्रीमीलेयर दाखला जोडावा लागतो, त्याचे मूळ याच संघर्षातून उभ्या राहिलेल्या न्यायालयीन निकालात आहे.

आधीचे संघर्ष

वादाचा पहिला अंक न्यायालयात झाला. मद्रास प्रांतात वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांतील प्रत्येक १४ जागांची समाजनिहाय वाटणी ठरलेली होती : ब्राह्मणेतर हिंदू ६, मागास हिंदू २, ब्राह्मण २, हरिजन २, ख्रिस्ती व अँग्लो-इंडियन १ आणि मुस्लिम १. चंपकम दोराईराजन यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ९ एप्रिल १९५१ रोजी ही वाटणी घटनाबाह्य ठरविली. याचिकाकर्तीने वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेशासाठी प्रत्यक्ष अर्जच केला नव्हता, हा तपशील नंतर पुष्कळदा चर्चिला गेला. संसदेने त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती करून कलम १५(४) आणले आणि मागासवर्गीयांसाठी विशेष तरतूद करण्याचा राज्यांचा अधिकार घटनेत नोंदविला.

रस्त्यावरचा विरोध गुजरातमध्ये सुरू झाला. १९८१ च्या प्रारंभी अहमदाबादच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी पदव्युत्तर अभ्यासक्रमांतील राखीव जागा न भरल्यास पुढील वर्षी नेण्याच्या पद्धतीला आव्हान दिले. वाद मोजक्या जागांचा होता. त्याची झळ मात्र महाविद्यालयाची पायरीही न चढलेल्या दलित वस्त्यांना बसली. १९८५ मध्ये माधवसिंह सोळंकी यांच्या सरकारने विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर ओबीसी आरक्षण १० वरून २८ टक्क्यांवर नेले. त्याविरुद्ध विद्यार्थ्यांबरोबर पालकांच्या संघटनाही उतरल्या. आंदोलनाला पुढे जातीय दंगलींचे वळण लागले, जुलैमध्ये सोळंकी यांना पद सोडावे लागले आणि वाढ मागे घेतली गेली. विद्यार्थ्यांच्या दबावापुढे सरकार इतके स्पष्टपणे नमल्याचे उदाहरण त्यानंतर घडलेले नाही.

१९९० चे मंडलविरोधी आंदोलन सर्वाधिक स्मरणात असले, तरी त्याविषयी एक गैरसमज रूढ आहे. पंतप्रधान विश्वनाथ प्रताप सिंह यांनी ७ ऑगस्ट रोजी जाहीर केलेला निर्णय केंद्र सरकारच्या नोकऱ्यांपुरता होता. महाविद्यालयीन प्रवेशांशी त्याचा संबंध नव्हता. तरीही आंदोलनाचा कणा विद्यार्थीच होते, कारण पदवीनंतरची सरकारी नोकरी हीच उत्तर भारतातील मध्यमवर्गीय तरुणांची मुख्य आकांक्षा होती. दिल्लीच्या देशबंधू महाविद्यालयातील राजीव गोस्वामी यांनी १९ सप्टेंबर रोजी स्वतःला पेटवून घेतले. ते बचावले, परंतु नंतरच्या दिवसांत अनेक तरुणांनी तोच मार्ग धरला आणि काहींचे प्राण गेले. दक्षिण भारतात, जिथे मागासवर्गीयांचे आरक्षण आधीच रुजले होते, अशी तीव्रता दिसली नाही. १६ नोव्हेंबर १९९२ च्या इंद्रा साहनी निकालाने नोकऱ्यांतील २७ टक्के आरक्षण कायम केले, एकूण आरक्षणास ५० टक्क्यांची मर्यादा घातली आणि मागासवर्गांतील ‘क्रीमी लेयर’ वगळण्यास सांगितले. प्रवेशांचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

पुण्यातून सुरू झालेली साखळी

तो पुन्हा पुढे आला महाराष्ट्रातील एका खटल्यामुळे. पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १२ ऑगस्ट २००५ रोजी निर्णय दिला की, विनाअनुदानित खासगी महाविद्यालयांवर राज्य सरकार आरक्षण लादू शकत नाही. याचिकाकर्ते इनामदार हे पुण्यातील शिक्षणसंस्थाचालक. या निकालाला उत्तर म्हणून संसदेने ९३ वी घटनादुरुस्ती संमत केली. ती जानेवारी २००६ मध्ये अंमलात आली आणि कलम १५(५) अन्वये खासगी संस्थांसह सर्वत्र प्रवेशांत आरक्षणाची मुभा मिळाली. अल्पसंख्याक संस्थांना वगळण्यात आले. दुरुस्ती संमत होताना कोणत्याही परिसरात निदर्शने झाली नाहीत. एप्रिलमध्ये मनुष्यबळ विकास मंत्री अर्जुन सिंह यांनी केंद्रीय संस्थांतील २७ टक्के आरक्षणाचा मनोदय बोलून दाखविला, तेव्हा ठिणगी पडली.

‘यूथ फॉर इक्वॅलिटी’ ही संघटना त्याच काळात दिल्लीत उभी राहिली. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था (एम्स) हे आंदोलनाचे केंद्र बनले. मुंबईत १३ मे रोजी वैद्यकीय विद्यार्थ्यांवर पोलिसांनी लाठीमार केला आणि निवासी डॉक्टरांचा संप देशभर पसरला. सरकारी रुग्णालयांतील बाह्यरुग्ण विभाग विस्कळीत झाले. त्याचा भार अर्थातच ज्यांना खासगी दवाखाना परवडत नाही अशा रुग्णांवर पडला. आंद्रे बेते आणि प्रताप भानू मेहता यांनी राष्ट्रीय ज्ञान आयोगाचा राजीनामा दिला. मेअखेर सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर संप मिटला.

आंदोलनाचे नेतृत्व दर वेळी वैद्यकीय विद्यार्थ्यांकडेच का येते, याचे उत्तर जागांच्या रचनेत आहे. एम्ससारख्या संस्थेत पदव्युत्तर शाखेच्या जागा अगदी मोजक्या असतात आणि त्यासाठी एमबीबीएसनंतर वर्षानुवर्षे तयारी केली जाते. विभागात दोनच जागा असतील, तर टक्केवारीचे धोरण तिथे एखाद्या ओळखीच्या सहाध्यायाचे रूप घेते. या चिंतेला आधार होता. तिची अभिव्यक्ती मात्र अनेकदा आक्षेपार्ह ठरली. ‘गुणवंतांवर ही वेळ येईल’ असे सुचविण्यासाठी निदर्शकांनी रस्ते झाडले, बूट पॉलिश केले. पिढ्यान्‌पिढ्या हीच कामे ज्यांच्या माथी मारली गेली, त्यांच्या मुलांनी त्या दृश्यांकडे कसे पाहिले असेल, हा प्रश्न तेव्हाच्या वार्तांकनात क्वचितच विचारला गेला. त्याचे एक कारण त्याच वर्षीच्या एका पाहणीतून पुढे आले. अनिल चमडिया, जितेंद्र कुमार आणि योगेंद्र यादव यांनी दिल्लीतील ३७ माध्यमसंस्थांमधील ३१५ निर्णयाधिकारी पत्रकारांची नोंद घेतली, तेव्हा त्यांत अनुसूचित जाती वा जमातीची एकही व्यक्ती आढळली नाही. ओबीसींचे प्रमाण सुमारे ४ टक्के होते.

एम्समधील दलित व आदिवासी विद्यार्थ्यांच्या तक्रारींनंतर सप्टेंबर २००६ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. थोरात मूळचे अमरावती जिल्ह्यातील. समितीच्या अहवालात वसतिगृहांत जातीनुसार पडलेली फारकत, अध्यापकांकडून मिळणारी वेगळी वागणूक आणि परीक्षांतील पक्षपाताच्या तक्रारी नोंदविल्या गेल्या. खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्यांची भीती भविष्यातील जागांविषयी होती. समितीपुढे आलेल्या विद्यार्थ्यांचे गाऱ्हाणे प्रवेश मिळाल्यानंतरच्या रोजच्या जगण्याचे होते.

कायदा आणि निकाल

वीरप्पा मोईली समितीने सुचविलेला तोडगा अंकगणितावर आधारलेला होता. केंद्रीय संस्थांत आधी अनुसूचित जातींसाठी १५ व जमातींसाठी ७.५ टक्के जागा राखीव होत्या. म्हणजे १०० जागांपैकी ७७.५ खुल्या. ओबीसी आरक्षणानंतर खुला वाटा ५०.५ टक्क्यांवर येणार होता. खुल्या जागांची मूळ संख्या टिकवायची, तर एकूण जागा सुमारे १५४ कराव्या लागतात. जागांत ५४ टक्के वाढीचे सूत्र असे आले. केंद्रीय शैक्षणिक संस्था (प्रवेशातील आरक्षण) कायदा डिसेंबर २००६ मध्ये संसदेत संमत झाला.

२९ मार्च २००७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ओबीसी तरतुदीला स्थगिती दिली. १९३१ च्या जनगणनेवर विसंबून मागासांचे प्रमाण ठरविता येणार नाही, असा न्यायालयाचा आक्षेप होता. अशोक कुमार ठाकूर प्रकरणातील अंतिम निकाल १० एप्रिल २००८ रोजी लागला. सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या घटनापीठाने कायदा वैध ठरविला. मात्र क्रीमी लेयर वगळण्याची अट घातली. त्या वेळी उत्पन्नमर्यादा वार्षिक अडीच लाख रुपये होती. त्याच वर्षी ती साडेचार लाखांवर नेण्यात आली आणि २०१७ पासून ती ८ लाख आहे. आंदोलकांची मागणी फेटाळली गेली, पण त्यांच्या एका युक्तिवादाला, म्हणजे मागासवर्गांतील सधनांनी लाभ घेऊ नये या मुद्द्याला, कायद्यात स्थान मिळाले.

त्यानंतर वादाची दिशाच बदलली. १९८१ व १९८५ मध्ये गुजरातमधील आरक्षणविरोधात पाटीदार तरुण आघाडीवर होते. ऑगस्ट २०१५ मध्ये त्याच समाजाच्या तरुणांनी अहमदाबादच्या जीएमडीसी मैदानावर आपला समावेश ओबीसींत करण्याची मागणी केली. जानेवारी २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना (ईडब्ल्यूएस) १० टक्के आरक्षण दिले आणि केंद्रीय संस्थांतील एकूण प्रमाण ५९.५ टक्क्यांवर गेले. ‘यूथ फॉर इक्वॅलिटी’ने त्यालाही न्यायालयात आव्हान दिले, ७ नोव्हेंबर २०२२ रोजी ३ विरुद्ध २ मतांनी दुरुस्ती वैध ठरली. २००६ मध्ये ज्या परिसरांत उपोषणाचे मंडप पडले होते, तिथे या १० टक्क्यांविरुद्ध तसे आंदोलन उभे राहिले नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये दिल्लीतील निवासी डॉक्टर पुन्हा रस्त्यावर आले. वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशांच्या अखिल भारतीय कोट्यातील ओबीसी व ईडब्ल्यूएस आरक्षणाचा खटला प्रलंबित असल्याने समुपदेशन फेरी रखडली होती आणि नवे डॉक्टर न आल्याने रुग्णालयांत कामाचा ताण वाढला होता. त्यांची मागणी आरक्षण रद्द करण्याची नव्हती, फेरी लवकर सुरू करण्याची होती. ७ जानेवारी २०२२ रोजी न्यायालयाने परवानगी दिली. २० जानेवारीच्या सविस्तर निकालपत्रात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड व ए. एस. बोपण्णा यांच्या खंडपीठाने स्पष्ट केले की, स्पर्धा परीक्षेतील गुण ही गुणवत्तेची एकमेव कसोटी नाही आणि आरक्षण हे गुणवत्तेच्या विरोधात नाही.