शेजारणीला हाक का मारत नाही?
(भीतीचे सिनेमे आणि ते पाहणाऱ्या बायका : रेडिओवरील भाषण)

मागच्या आठवड्यात गटाच्या बैठकीतून एक प्रश्न आला. एका ताईंनी विचारलं, "मुलं मोबाईलवर रक्तानं भरलेले इंग्रजी सिनेमे बघतात. एकात तर नाताळचा लाल डगला घातलेला विदूषक माणसं कापत सुटतो. हे काय आहे, आणि आपण काय करायचं?" आज त्यावरच बोलू. पण उपदेश करण्याआधी थोडा इतिहास सांगते. भीतीचा सिनेमा आजचा नाही. आणि तो बघून बायकांनी मत देणं, हेही आजचं नाही.

माझं लहानपण घाटकोपरच्या चाळीत गेलं. १९८५ सालची गोष्ट. खटाव तालुक्यातून माझी काकी पहिल्यांदाच मुंबईला आली होती. काकांनी सगळ्यांना सिनेमाला नेलं. सिनेमा होता 'सामरी'. चष्मा लावून बघायचा, म्हणजे भूत अंगावर येतंय असं वाटतं, अशी त्याची जाहिरात होती. सिनेमा मोठ्यांसाठीचा, मी नऊ वर्षांची. पण दारावरच्या माणसानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. अर्धा सिनेमा मी काकीच्या पदराआडून पाहिला. बाहेर आल्यावर काका हसत म्हणाले, "काय, घाबरलीस का?" काकी म्हणाली, "भुताला नाही घाबरले. पण ती पोरगी दर वेळी एकटीच अंधारात का जाते? शेजारणीला हाक का मारत नाही?"

तेव्हा सगळे हसले. आज मला वाटतं, त्या सिनेमाबद्दल याहून शहाणं मत कुणी दिलं नसेल.

आता हे सिनेमे आले कुठून ते ऐका. फत्तेचंद रामसे हे कराचीचे. तिथं त्यांचा रेडिओचा व्यवसाय होता. फाळणीनंतर कुटुंब मुंबईला आलं. त्यांना सात मुलगे. १९७० साली त्यांनी 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' हा सिनेमा काढला, तो पडला. पण मुलांनी थिएटरात बसून एक गोष्ट टिपली. पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून चोरी करायला येतात, त्या एका प्रसंगाला लोक सावरून बसत होते. बाकीच्या सिनेमाला जांभया देत होते. मग मुलांनी ठरवलं, सगळा सिनेमाच असा करायचा. १९७२ साली 'दो गज जमीन के नीचे' आला. तो त्यांनी महाबळेश्वरला जाऊन, थोडक्या माणसांत आणि थोडक्या पैशांत पुरा केला. एक भाऊ कॅमेरा धरी, एक आवाज सांभाळी, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करीत. आणि एवढ्या माणसांचा स्वयंपाक? तो घरातल्या बायका करीत. पडद्यावर नाव भावांचं, चुलीपाशी बायका. हे आपल्याला नवीन नाही.

म्हणजे बघा, भीतीच्या सिनेमाची ही घराणेशाही उभी राहिली ती प्रेक्षकांच्या मतावर. लोक कुठं सावरून बसले, एवढंच त्या भावांनी पाहिलं होतं.

१९८४ साली त्यांचा 'पुराना मंदिर' आला आणि तुफान चालला. मोठ्या शहरातले जाणकार नाकं मुरडत होते, पण लहान गावांत लोक गर्दी करीत होते. त्यातला राक्षस सामरी झाला होता अनिरुद्ध अग्रवाल या उंच माणसानं. तो शिकलेला इंजिनिअर! नाव इतकं गाजलं की पुढच्याच वर्षी त्याच नावाचा, त्याच नटाचा सिनेमा आला. गोष्ट वेगळी, पण नाव तेच, म्हणजे गिऱ्हाईक तेच. आम्ही पाहिला तो हाच.

आता जरा लांब जाऊ. त्याच १९८४ साली, नोव्हेंबरात, अमेरिकेत एक सिनेमा आला. त्याच्या नावाचा अर्थ साधारण 'शांत रात्र, जीवघेणी रात्र' असा. त्यात सांताक्लॉजचा वेष घेतलेला माणूस कुऱ्हाड घेऊन खून करतो. सांताक्लॉज म्हणजे नाताळात मुलांना खाऊ-खेळणी आणून देणारा आजोबा, असं तिकडची मुलं मानतात. सिनेमाची जाहिरात टीव्हीवर मुलं जागी असतानाच दाखवली जाऊ लागली. मुलं रडायला लागली, आजोबा घरी येणार म्हणून घाबरायला लागली. तेव्हा मिलवॉकी नावाच्या शहरातल्या आया एकत्र आल्या. त्यांनी पत्रं लिहिली, थिएटरांपुढं उभ्या राहिल्या. दोन-तीन आठवड्यांत कंपनीनं जाहिराती थांबवल्या आणि सिनेमा काढून घेतला.

आता कुणी म्हणेल, वा, जिंकल्या! पण गोष्ट इथं संपत नाही. एवढा गवगवा झाल्यामुळं तो सिनेमा उलट प्रसिद्ध झाला. १९८७ साली दुसरा भाग निघाला. त्यात पहिल्याच भागातली पुष्कळशी दृश्यं पुन्हा जोडलेली होती. शिळ्या कढीला ऊत म्हणतो ना आपण, तसं. तरी पुढं आणखी तीन भाग निघाले. आणि गंमत ऐका. मिकी रूनी नावाच्या ज्या जुन्या नटानं पहिल्या भागाविरुद्ध संतापून पत्र लिहिलं होतं, त्यानंच १९९१च्या पाचव्या भागात काम केलं!

बैठकीतल्या ताईंनी सांगितलेला विदूषक याच घराण्यातला. तो 'टेरिफायर'चा तिसरा भाग, २०२४ सालचा. त्यात विदूषक सांताचा वेष घेऊन ऐन नाताळच्या रात्री घरात शिरतो. फ्रान्समध्ये अठरा वर्षांखालच्या मुलांना तो पाहायची बंदी झाली. काही प्रेक्षक मध्येच उठून गेल्याच्या बातम्या आल्या. आणि तरीही, किंवा त्यामुळंच, अगदी थोड्या पैशांत काढलेल्या त्या सिनेमानं भरपूर कमाई केली. आवडणारे म्हणाले, सगळं खोटं रक्त आहे, कारागिरी बघा. न आवडणारे म्हणाले, कारागिरी कसली, हे क्रौर्य आहे. दोघांनीही तिकिटं काढली होती.

यातून मी दोन गोष्टी शिकले. आयांनी मुलांच्या वेळेला जाहिरात नको म्हटलं, ते बरोबरच होतं. पण नुसतं 'बंद करा, बंद करा' म्हटलं की वस्तूची किंमत वाढते. झाकलेल्या डब्यात काय आहे, हे मुलं आधी बघतात.

सणात भीती का घालतात? सणाच्या दिवशी माणूस दार उघडं ठेवतो. अनोळखी माणसालाही या म्हणतो. त्या विश्वासावर घाव घातला की भीती दुप्पट होते. आपल्याकडंही हे झालंय. १९९३च्या 'डर'मध्ये शाहरुख खान होळीच्या गर्दीत तोंडाला रंग फासून नायिकेपर्यंत पोचतो. १९९८च्या 'सत्या'मध्ये गणपती विसर्जनाच्या गर्दीत खून होतो. 'डर' पाहून परतताना आमच्या चाळीतल्या मोठ्या मुली गप्प होत्या. रंगाच्या निमित्तानं अंगाला हात लावणारे सगळ्यांनीच पाहिलेले होते. पोरं मात्र त्याच्या बोलण्याची नक्कल करीत टाळ्या देत होती. सिनेमा एकच, मतं दोन. कुणाच्या वाट्याला भीती येते आणि कुणाच्या वाट्याला मजा, यावर मत ठरतं.

आपल्या मराठीतही खुनी बाहुला आहेच. महेश कोठारे यांचा 'झपाटलेला', १९९३ सालचा. गुंड तात्या विंचू मरताना मंत्र म्हणतो आणि त्याचा जीव बाहुल्यात शिरतो. कल्पना अमेरिकेतल्या खुनी बाहुल्याच्या सिनेमासारखी, पण बाहुला रामदास पाध्ये यांच्या हातचा, आवाज दिलीप प्रभावळकरांचा आणि समोर लक्ष्मीकांत बेर्डे. रक्त थोडं, हसू फार. मोठे हसले, लहान मुलं मात्र रात्री बाहुलीकडं पाठ करून झोपेनात. वीस वर्षांनी, जून २०१३मध्ये, 'झपाटलेला २' आला, मराठीतला पहिला थ्रीडी सिनेमा म्हणून. मी तो मुलुंडला मॉलमधल्या थिएटरात भाच्यांना घेऊन पाहिला. भाचे खूश झाले. माझी वहिनी मात्र म्हणाली, "बाहुला आला, पण लक्ष्या कुठाय?" लक्ष्मीकांत बेर्डे २००४ सालीच गेले होते. दुसरा भाग भूत परत आणू शकतो, माणूस नाही.

आता ज्यासाठी हे सगळं सांगितलं, त्याकडं येते. 'सामरी' पाहून आल्या रात्री मला झोप येईना. काकीनं मला जवळ घेतलं आणि म्हणाली, "अगं, पडद्यावरचं भूत तीन तासांत मरतं. आमच्या गावात एका विधवेला भुताळी म्हणाले. कुणाची म्हैस मेली, बोट तिच्याकडं. कुणाचं पोर आजारी पडलं, बोट तिच्याकडं. खरं तर दिराला तिची जमीन हवी होती. तिच्या दारात कुणी पाणी पीत नव्हतं. आणि आम्ही बायका? आम्हीही दारं लावून घेतली होती."

शेवटचं वाक्य बोलताना काकीचा आवाज बदलला. तेव्हा मला कळलं, सिनेमातली पोरगी शेजारणीला हाक का मारत नाही, हे तिनं का विचारलं. तिच्या गावातल्या त्या बाईनं हाक मारली होती. शेजारणी आल्या नव्हत्या.

मैत्रिणींनो, 'झपाटलेला २' आला त्याच वर्षी, २० ऑगस्ट २०१३ला, पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. ज्या कायद्यासाठी ते अनेक वर्षं झटले, त्याचा वटहुकूम काही दिवसांतच निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. आज महाराष्ट्रात कुणा बाईला करणी करते, भुताळी आहे म्हणून छळणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. सिनेमातली चेटकीण पडद्यावर राहू दे. पण तिचं तोंड आपल्या गल्लीतल्या बाईला चिकटवू लागले, तर गटानं तिच्या दारात जाऊन बसायचं आणि पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला तिच्याबरोबर जायचं.

आता मोबाईलचं. थिएटरच्या दारावर निदान एक माणूस असायचा, तो बघो न बघो. मोबाईलला दार नाही. सिनेमाला 'यू', 'यूए', 'ए' अशी प्रमाणपत्रं असतात. 'ए' म्हणजे अठरा वर्षांवरच्यांसाठी. आता 'यूए'मध्येही सात, तेरा आणि सोळा वर्षं असे टप्पे केले आहेत. मोबाईलवर पैसे भरून सिनेमे दाखवणाऱ्या कंपन्यांनाही २०२१च्या नियमांप्रमाणं वय लिहावं लागतं आणि तेरा वर्षांवरच्या सिनेमांना पालकांना कुलूप लावता येईल अशी सोय द्यावी लागते. ते कुलूप मोठ्या मुलीकडून नाहीतर गटातल्या शिकलेल्या सुनेकडून लावून घ्या. मुलानं आधीच काही पाहिलं असेल तर पहिल्यांदा रागावू नका. जवळ घ्या आणि विचारा, काय पाहिलंस? कशाची भीती वाटली? त्यातल्या बाईशी जे झालं ते तुला कसं वाटलं? माझ्या काकीनं चाळीस वर्षांपूर्वी हेच केलं होतं, म्हणून मी त्या रात्री झोपले.

आणि तुम्ही स्वतः असा सिनेमा पाहिलात, तर लाजू नका. आवडला तर आवडला म्हणा, किळस आली तर किळस आली म्हणा. रामसे बंधूंनी प्रेक्षकांच्या चेहऱ्यांवरून धंदा ओळखला. मिलवॉकीच्या आयांनी जाहिरात बंद पाडली. तुमच्या मताला वजन आहे.

पुढच्या बैठकीत काकीचा प्रश्न एकमेकींना विचारा. आपल्या गावात आज कोणती बाई एकटी अंधारात चालली आहे? आणि तिनं हाक मारली, तर किती दारं उघडतील?