गॅसला वास कुठून आला?

सिलिंडर बदलताना क्षणभर एक उग्र वास येतो. सडलेल्या कोबीसारखा, कुजलेल्या अंड्यासारखा. घरातलं कुणीतरी लगेच ओरडतं, "आधी खिडकी उघड, बटणांना हात लावू नकोस!" हा वास आपण गॅसचा समजतो, पण तो गॅसचा नसतोच. सिलिंडरमधला एलपीजी असो की पाइपनं घरी येणारा नैसर्गिक गॅस, शुद्ध केल्यावर दोन्हींना जवळजवळ वास उरत नाही. नाकाला कळावं म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचं गंधकयुक्त रसायन मुद्दाम मिसळतात. ते मिसळायची सक्ती कशी सुरू झाली, याची गोष्ट एका शाळेपाशी जाते.

अमेरिकेत टेक्सासच्या पूर्व भागात १९३० साली तेलाचा प्रचंड साठा सापडला. मंदीच्या काळातही तिथल्या न्यू लंडन या छोट्या गावाकडे पैसा आला आणि गावानं पोलादी सांगाड्याची भव्य शाळा बांधली. इमारत उबदार ठेवायला एकच मोठा बॉयलर बसवण्याऐवजी खोल्याखोल्यांतून गॅसचे हीटर लावले. १९३७च्या सुरुवातीला शाळेनं गॅस कंपनीचं कनेक्शन बंद केलं आणि जवळून जाणाऱ्या एका पाइपला जोड दिला. त्या पाइपमधला गॅस म्हणजे पेट्रोल काढून घेतल्यावर उरलेला 'टाकाऊ' माल. तेलविहिरींवर तो असाच जाळून टाकत. आसपासची घरं, दुकानंही तो वापरत आणि सगळे काणाडोळा करत. शाळेचे महिन्याला सुमारे ३०० डॉलर वाचणार होते.

गॅस कुठेतरी गळत होता. इमारतीखालच्या बंद पोकळीत तो साचत गेला. काही मुलांचं डोकं दुखायचं, डोळे चुरचुरायचे. पण वास नव्हता, त्यामुळे कुणाला शंका आली नाही.

१८ मार्च १९३७, दुपारचे तीन वाजून गेले होते. शाळा सुटायला थोडाच वेळ उरला होता. कार्यशाळेत लाकूड घासायचं विजेचं यंत्र सुरू केलं गेलं आणि ठिणगी पडली. क्षणात इमारत जमिनीवरून उचलली जाऊन कोसळली. मुलं आणि शिक्षक मिळून सुमारे तीनशे जण गेले. तेलविहिरींवरचे कामगार धावत आले. ढिगारा उपसणाऱ्यांमध्ये मुलांचे बापच होते. ढिगाऱ्यात म्हणे एक फळा सापडला. त्यावर लिहिलं होतं, की तेल आणि गॅस हे या भागाला लाभलेलं वरदान आहे, त्यांच्याशिवाय ही शाळा उभीच राहिली नसती.

यातली सगळ्यात बोचणारी गोष्ट अशी, की उपाय आधीपासून माहीत होता. गॅसची गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन घालण्याची कल्पना १८८०च्या दशकातच जर्मनीत पुढे आली होती. ज्ञान होतं, सक्ती नव्हती. टेक्सासनं त्याच वर्षी गॅसला वास देण्याचा कायदा केला आणि इंजिनिअरांना नोंदणी बंधनकारक केली. पुढे ही पद्धत जगभर पसरली. नियमामागचं गणित साधं आहे. हवेत साधारण ५ टक्के नैसर्गिक गॅस झाला की तो पेटू शकतो, म्हणून १ टक्का असतानाच वास जाणवला पाहिजे.

मग प्रश्न सुटला का? घरापुरता बराचसा सुटला. पण शेकडो किलोमीटर जाणाऱ्या मोठ्या पाइपलाइनमध्ये गॅसला बहुधा वास नसतो. तो शहराच्या वेशीवरच्या केंद्रात मिसळतात. वाटेत घटलेला दाब वाढवायला कॉम्प्रेसर स्टेशनं असतात. तिथे माणसाच्या नाकाचं काम गॅस ओळखणारी यंत्रं करतात आणि धोका दिसताच झडपा बंद होतात. पाइप आतून गंजतोय का, हे तर कुठल्याच नाकाला कळत नाही. त्यासाठी 'पिग' नावाचं उपकरण पाइपच्या पोटातून फिरवतात.

ही तपासणी आणि देखभाल ढिली पडली तर काय होतं, ते आपल्याच देशात दिसलं. २७ जून २०१४च्या पहाटे आंध्र प्रदेशातल्या नगरम गावात गेलची पाइपलाइन फुटून आग लागली. वीसपेक्षा जास्त माणसं गेली, त्यातली कित्येक झोपेतच. कोरड्या गॅससाठी असलेल्या पाइपमधून पाण्याचा अंश असलेला गॅस जात होता आणि पाइप आतून गंजला होता, असं चौकशीत पुढे आलं.

दहेजहून उरण, पनवेल करत दाभोळपर्यंत गॅसची पाइपलाइन आपल्याकडेही जाते. तिच्या वाटेवर शेताच्या बांधाला, रस्त्याच्या कडेला खुणेचे फलक आणि त्यावर फोन नंबर दिसतात. बाइकवरून जाताना आपण ते वाचत नाही. जमिनीतून सूं-सूं आवाज येत असेल, डबक्यात कारण नसताना बुडबुडे येत असतील, हिरव्या गवतात एकच पट्टा सुकला असेल, तर लांब जाऊन त्या नंबरवर फोन करायचा. न्यू लंडनच्या मुलांचंही डोकं दुखत होतंच. ते का दुखतंय, एवढंच कुणी विचारलं नाही.